कुंडीतली चिलटं, मुळांवरचा पांढरा कापूस आणि मातीतले बाकीचे भाडेकरू

पावसाळ्यात घरातल्या कुंड्यांना मे महिन्याइतकंच पाणी घालत राहिलं, की तीनेक आठवड्यांत ट्यूबलाइटभोवती बारीक काळी चिलटं फिरायला लागतात. मग डासांचा स्प्रे मारला जातो, कुंडीत दालचिनीची पूड भुरभुरली जाते, कोणी ओट्यावर व्हिनेगरची वाटी ठेवतं. आठवडाभर बरं वाटतं आणि चिलटं पुन्हा हजर. कारण मारली जाते ती उडणारी पिढी, आणि खरी वस्ती असते मातीत.

आधी चिलट कुठलं ते बघा. घरात तीन प्रकारची सापडतात आणि तिघांचा पत्ता वेगळा. केळ्यांच्या घडाभोवती घुटमळणारी, तपकिरी अंगाची, लाल डोळ्यांची ती फळांवरची. न्हाणीघराच्या टाइल्सवर बसून राहणारी, केसाळ, पंख पसरलेल्या पतंगासारखी दिसणारी ती मोरीतली. कुंडीतलं चिलट काळसर, दोन ते चार मिलिमीटरचं, लांब पायांचं, जणू डासाचं पिल्लू. त्याला धड उडता येत नाही. मातीवर तुरुतुरु पळतं आणि पाणी घातलं की भसकन चार-पाच वर उठतात. व्हिनेगरच्या वाटीत फळांवरची पडतात, कुंडीतली क्वचितच. म्हणजे ती वाटी ओट्यासाठी ठीक, कुंडीसाठी नाही. मोरीचा संशय असेल तर रात्री जाळीवर चिकटपट्टी उलटी लावून ठेवा. सकाळी पट्टीला केसाळ चिलटं चिकटलेली दिसली, तर झाडांना उगाच औषध पाजू नका.

कुंडीत अळ्या आहेत का हे तपासायला बटाटा पुरतो. सेंटिमीटरभर जाड चकती कापून मातीवर दाबून बसवा आणि एक-दोन दिवसांनी उलटून बघा. पांढुरक्या, जवळजवळ पारदर्शक, पाचेक मिलिमीटरच्या अळ्या दिसतील. काळं चकचकीत डोकं ही त्यांची खूण. चार-पाच कुंड्या एकत्र असतील तर प्रत्येकीत चकती ठेवा. बहुतेक वेळा सगळा त्रास एका-दोन कुंड्यांतूनच येत असतो आणि आपण दहांवर औषध ओतत बसतो.

मादी तिच्या आठवडा-दहा दिवसांच्या आयुष्यात शंभर-दोनशे अंडी घालते, तीही ओल्या मातीच्या वरच्या थरात. अळ्या वरच्या पाच-सात सेंटिमीटरमध्येच राहतात. बुरशी, शेवाळ, कुजणारा पाचोळा हे त्यांचं मुख्य खाणं, ते कमी पडलं की कोवळी मुळं. आपल्याकडच्या घरातल्या तापमानाला अंड्यापासून उडणाऱ्या चिलटापर्यंत साधारण तीन आठवडे लागतात. यातून उपायाचा हिशोब ठरतो. कुठलाही इलाज निदान चार आठवडे सलग चालला पाहिजे. दहाव्या दिवशी चिलटं दिसेनाशी झाली म्हणून थांबलात, तर कोषातली पिढी बाहेर येऊन पुन्हा अंडी घालते.

झाडाचं नुकसान किती? मोठ्या अरेका पामला किंवा जुन्या मनी प्लांटला जवळजवळ काही नाही. तिथे त्रास तुम्हाला आहे, झाडाला नाही. पण नुकत्याच लावलेल्या कटिंगला, बियांच्या ट्रेला, आफ्रिकन व्हायोलेटसारख्या नाजूक मुळांच्या झाडाला या अळ्या लोळवतात. शिवाय मूळकूज करणारी पिथियमसारखी बुरशी एका कुंडीतून दुसरीत नेतात. त्यामुळे कटिंग्ज शेजारी असतील तर दुर्लक्ष करू नका.

आता त्यांच्या खाण्याबद्दल. आपल्या घरांत कुंडी म्हणजे अर्धा कचऱ्याचा डबा असते. तांदळाचं धुवण, डाळ धुतलेलं पाणी, आंबट ताक, चहाचा चोथा (साखरेसकट!), केळ्याची साल, अंड्याची टरफलं, जे उरेल ते झाडाला. अंगणातल्या जास्वंदीला हे खपून जातं, कारण तिथे ऊन आहे, गांडुळं आहेत, भरपूर माती आहे. हॉलच्या कोपऱ्यातल्या आठ इंची प्लॅस्टिकच्या कुंडीत यातलं काहीच नसतं. तिथे धुवणातला स्टार्च बुरशीला मिळतो आणि बुरशी अळ्यांना. खिडकीच्या आतल्या झाडाला स्वयंपाकघरातलं काहीही घालू नये, हे माझं ठाम मत आहे. खत द्यायचंच तर विरघळणारं, तेही पाकिटावरच्या मापाच्या निम्मं.

पहिला उपाय फुकटचा आहे: पाणी तोडा. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला. कोरडं लागेपर्यंत पाणी नाही. मे महिन्यात तीन दिवसांनी पाणी मागणारी कुंडी मुंबईच्या किंवा कोकणाच्या जुलैत आठ-दहा दिवस मागत नाही, प्लॅस्टिकची असेल तर त्याहूनही जास्त. बोटापेक्षा वजन खरं सांगतं. पाणी घातल्यावर एकदा आणि सुकल्यावर एकदा कुंडी उचलून बघितली, की हाताला अंदाज बसतो. झीझी, स्नेक प्लांट, मनी प्लांट यांची माती तळापर्यंत सुकू दिली तरी ती हूं की चूं करत नाहीत, आणि वरचा थर सुकला की अळ्या तग धरत नाहीत. पीस लिली, फर्न, कॅलेथिया यांना मात्र इतकं सुकवणं झेपत नाही. त्यांना खालून पाणी द्या: ताटलीत पाणी भरून कुंडी वीस-तीस मिनिटं ठेवायची, उरलेलं ओतून टाकायचं. वरचे तीन-चार सेंटिमीटर कोरडेच राहतात. महिन्यातून एकदा वरून भरपूर पाणी घालून ते तळातून वाहून जाऊ द्या, नाहीतर क्षार साचून मातीवर पांढरी साय येते.

इथे एक गोची होते. नर्सरीतून आणलेल्या रोपाच्या मुळांशी बहुधा लाल चिकण मातीचा गोळा असतो आणि आपण त्याभोवती कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, भरतो. कोकोपीट ओलं राहतं, गोळा आतून ठणठणीत कोरडा, मुळं गोळ्यात. झाड मान टाकतं, आपण आणखी पाणी घालतो, कोकोपीट आणखी भिजतं आणि चिलटांची चंगळ. कुंडी बदलताना तो गोळा बादलीभर पाण्यात भिजवून निदान बाहेरची अर्धी माती सोडवून घ्या. तळाला दगडांचा थर दिल्याने निचरा सुधारतो हाही गैरसमजच. पाणी बारीक मातीतून जाड दगडात सहज उतरत नाही, ते दगडांच्या वर तुंबतं. दगडांनी फक्त मातीची जागा खाल्ली जाते. मातीवर पसरलेले शोभेचे पांढरे गोटेही काढा. त्यांच्याखाली ओल टिकते आणि तुम्हाला माती दिसत नाही.

उडणाऱ्यांसाठी पिवळे चिकट सापळे. कृषी सेवा केंद्रात शेतासाठीचे मोठे मिळतात. ते कापून पाच बाय आठ सेंटिमीटरचे तुकडे करा आणि मातीपासून दोन-तीन सेंटिमीटरवर, शक्यतो आडवे लावा. झाडाच्या शेंड्याशी लावलेला सापळा दिसायला छान असतो, पण ही चिलटं तितकी वर जात नाहीत. विकत आणायचे नसतील तर पिवळ्या पुठ्ठ्याला प्लॅस्टिक गुंडाळून एरंडेल फासा, तीन-चार दिवसांनी पुसून पुन्हा लावा. सापळ्याने पिढी संपत नाही, पण तो मोजपट्टीचं काम करतो. दर रविवारी चिकटलेली चिलटं मोजा. दुसऱ्या आठवड्यापासून आकडा उतरायला लागला नाही, तर माती अजून ओली आहे किंवा एखादी कुंडी तुमच्या नजरेतून सुटली आहे. टेरेरियम, पाणी साठवणारी दुहेरी कुंडी, कोपऱ्यात पडलेली कोकोपीटची उघडी पिशवी, या जागा हमखास सुटतात.

अळ्यांवरचं नेमकं औषध म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्रायलेन्सिस, थोडक्यात बीटीआय. इस्रायलमधल्या नेगेव्ह वाळवंटात १९७६ साली सापडलेला हा जिवाणू डासांच्या अळ्यांवर जगभर वापरला जातो. त्याचे विषारी स्फटिक अळीने खाल्ले की तिच्या आतड्यात विरघळतात आणि आतडं फाटतं. माणूस, मांजर, गांडूळ यांना काही होत नाही. पण विकत घेताना नीट बघा. दुकानात नुसतं 'बीटी' मागितलं की हातात पडतं ते कुर्स्टाकी, म्हणजे बोंडअळी आणि पानं खाणाऱ्या अळ्यांसाठीचं. ते चिलटांच्या अळ्यांवर शून्य काम करतं. पाकिटावर इस्रायलेन्सिस किंवा सेरोटाइप एच-१४ लिहिलेलं हवं. आपल्याकडे ते डासांसाठी म्हणून विकलं जातं. लेबलवरच्या मात्रेचं द्रावण करून आठ इंची कुंडीला चारशे-पाचशे मिली, माती थोडी सुकलेली असताना, वरून सगळीकडे सारखं घाला. दर पाच-सात दिवसांनी, चार आठवडे. मातीत ते फार टिकत नाही म्हणून पुन्हापुन्हा. अंडी, कोष आणि उडणारी चिलटं यांच्यावर त्याचा परिणाम नाही, कारण ती ते खातच नाहीत. अमेरिकेत राहणाऱ्यांना हेच डासांसाठीच्या दाण्यांच्या रूपात मिळतं: एक गॅलन पाण्यात चार मोठे चमचे अर्धा तास भिजवायचे आणि गाळून ते पाणी कुंड्यांना. ब्रिटनमध्ये स्टायनरनेमा फेल्टिए हे उपयोगी सूत्रकृमी (मातीतले सूक्ष्म कृमी) पाकिटातून घरपोच येतात, तेही उत्तम. मात्र ते जिवंत असतात, म्हणून फ्रिजमध्ये ठेवा आणि मुदतीच्या आत वापरा.

बीटीआय मिळालं नाही तर कडुनिंब. शेतकरी वापरतात तो पाच टक्के निंबोळी अर्क घरी करता येतो: पन्नास ग्रॅम निंबोळीच्या गराची पूड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, सकाळी फडक्यातून गाळून, त्याच दिवशी वापरायची. तयार कडुनिंब तेल घेतलं तर पाच मिली तेल, एक-दोन मिली भांडी घासायचं लिक्विड आणि लिटरभर कोमट पाणी. साबण आधी तेलात मिसळा, मग पाणी. उलट केलंत तर तेल वर तरंगतं आणि शेवटच्या कुंडीला सगळं एकदम मिळून तिची मुळं गुदमरतात. कडुनिंबातलं ॲझाडिरॅक्टिन हे द्रव्य अळीची कात टाकण्याची क्रिया बिघडवतं, त्यामुळे परिणाम दिसायला आठवडा लागतो. दुसऱ्या दिवशी अळ्या जिवंत दिसल्या म्हणून मात्रा दुप्पट करू नका. आणि हो, वास दोन दिवस राहतो, पाहुणे यायच्या आदल्या दिवशी हा उद्योग नको.

निंबोळी पेंडीचं मात्र उलटं आहे. ती मातीत मिसळायची वस्तू आहे: आठ इंची कुंडीला दोन मोठे चमचे, कुंडी भरतानाच. मातीवर पसरून पाणी घातलं की तिच्यावर चार दिवसांत पांढरी बुरशी येते आणि चिलटांना आयती मेजवानी. मोहरीची किंवा शेंगदाण्याची पेंड भिजवून घालायची पद्धत तर घरातल्या कुंड्यांना पूर्ण वर्ज्य.

हायड्रोजन पेरॉक्साइडचा बराच गवगवा आहे. परदेशी सल्ला असतो तीन टक्क्यांच्या बाटलीचा एक भाग आणि चार भाग पाणी. आपल्या केमिस्टकडची बाटली बहुधा वीस व्हॉल्यूमची असते, म्हणजे साधारण सहा टक्के. तिला एकास नऊ पाणी हवं. लेबल न वाचता एकास चार केलंत तर कोवळी मुळं पोळतात. ओतल्यावर फसफसतं, ज्यांच्या अंगाला लागेल त्या अळ्या मरतात आणि काही मिनिटांत त्याचं पाणी होऊन जातं. पुढे काहीच परिणाम उरत नाही, शिवाय मातीतले चांगले जीवाणूही मरतात. ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी घातलेल्या कुंडीत तर हे अजिबात नको. खूपच बुजबुजाट असेल तर सुरुवातीला एकदा ठीक. ट्रायकोडर्मा स्वतः किडीवरचं औषध नाही, ते मूळकुजीसाठी. दुकानदार दोन्हीसाठी तेच देतो म्हणून सांगितलं.

चिलटं निदान दिसतात तरी. त्यांच्याहून वाईट तो मुळांवरचा पिठ्या ढेकूण (मिलीबग), जो कुंडी उलटी करेपर्यंत कळत नाही. लक्षणं सगळी फसवी: झाड वाढत नाही, पाणी दिलं तरी पानं मलूल, जेड किंवा होया आक्रसल्यासारखे. आपण खत घालतो, जागा बदलतो. अशा वेळी कुंडीच्या कडेला थापट्या मारून झाड मातीसकट बाहेर काढा. मुळांच्या बेचक्यात आणि कुंडीच्या आतल्या भिंतीला कापसाचे बारीक पांढरे पुंजके दिसतील. प्रत्येक पांढरं म्हणजे ढेकूण नव्हे. कुंडीच्या मिश्रणातल्या परलाइटचे, म्हणजे फुगवलेल्या खनिजाचे, पांढरे दाणे कडक असतात. उपकारक बुरशीचे धागे जाळीसारखे सलग पसरतात. ढेकणाचा पुंजका बोटावर घासला तर मेणासारखा लागतो, आणि भिंगातून बघत राहिलात तर त्यातला तांदळाच्या कणीएवढा जीव सावकाश सरकतो. कॅक्टस, जेड, हावर्थिया, होया, आफ्रिकन व्हायोलेट, स्नेक प्लांट ही त्याची आवडती गिऱ्हाइकं.

त्याच्या अंगावरचं मेण पाणी लागू देत नाही, म्हणून वरून ओतलेलं औषध बरंचसं बाजूने निघून जातं. इथे माती वाचवायची नाही, झाड वाचवायचं. सगळी माती बादलीत धुऊन काढा, सडलेली मुळं कापा. मग गरम पाणी: ४९ अंश सेल्सियस, दहा मिनिटं, फक्त मुळं बुडवून. स्वयंपाकाचा थर्मामीटर हवाच. हाताच्या अंदाजाने ४५ आणि ५५ यांतला फरक कळत नाही, आणि पंचेचाळीसला ढेकूण जगतात तर पंचावन्नला मुळं शिजतात. पाच मिनिटांत पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं, म्हणून मोठी बादली घ्या आणि शेजारी केटलीत गरम पाणी ठेवा. केटलीतलं मुळांवर ओतू नका, झाड उचलून घेऊन पाण्यात मिसळा, ढवळा, मोजा, मग पुन्हा बुडवा. झाल्यावर साध्या पाण्यातून काढून सावलीत निथळू द्या. जेड-कॅक्टससारखी झाडं दोन-तीन दिवस उघड्या मुळांनी सुकवून कोरड्या मिश्रणात लावा, बाकीची त्याच दिवशी. फर्नसारख्या केसाळ मुळांच्या झाडावर हा प्रयोग करण्यापेक्षा एक निरोगी फांदी किंवा तुकडा वेगळा काढून नव्याने वाढवलेला बरा.

जुनी कुंडी साबणाने घासून उकळत्या पाण्याने धुवा, मातीची असेल तर उकळत्या पाण्यात बुडवूनच ठेवा, कारण तिच्या छिद्रांत अंडी राहतात. दोन आठवड्यांनी झाड पुन्हा अलगद उपसून बघा. शेजारच्या कुंड्याही बघा, विशेषतः एकाच ट्रेमध्ये असतील तर. ढेकणाची पिल्लं तळाच्या भोकातून, वाहून आलेल्या पाण्याबरोबर पुढच्या कुंडीत जातात. प्रत्येक कुंडीला स्वतःची ताटली द्या.

मुंग्या दिसल्या की आधी पिठ्या ढेकूण शोधा. ढेकणाच्या गोड चिकट्यासाठी मुंग्या त्याला सांभाळतात, एका झाडावरून दुसऱ्यावर नेऊन ठेवतात. ढेकूण नसेल तर माती फार कोरडी आहे आणि मुंग्यांनी घर केलंय. कुंडी अर्धा तास बादलीत बुडवून ठेवली की त्या बिऱ्हाड हलवतात. परत येत असतील तर शंभर मिली पाण्यात दोन मोठे चमचे साखर आणि एक ग्रॅम बोरिक पावडर विरघळवून, कापसाचा बोळा भिजवून वाटेवर ठेवा. जास्त बोरिक घातलं तर मुंगी वारुळापर्यंत पोचायच्या आधीच मरते आणि राणी शाबूत राहते. मुलं आणि मांजरं पोचणार नाहीत अशी जागा मात्र हवी.

पाणी घातल्यावर पृष्ठभागावर टुणटुण उडणारे मिलिमीटरभर पांढरे किडे म्हणजे स्प्रिंगटेल. काही करत नाहीत, ओल जास्त आहे एवढंच सांगतात. वाणी, म्हणजे तो अनेक पायांचा किडा, कुजकं खातो, हाताने उचलून बाहेर टाका. जाड, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली, तपकिरी डोक्याची अळी निघाली तर ती हुमणी, नाहीतर शेणखतातून आलेली भुंग्याची अळी. दोन्हींचं मूळ अर्धवट कुजलेल्या शेणखतात. माती उपसून अळ्या वेचा, आणि कुंडीभर मेटारायझियमचं द्रावण घाला, लिटरला पाच ग्रॅम, संध्याकाळी. हीसुद्धा बुरशीच आहे, त्यामुळे पुढचे पंधरा दिवस कुठलंही बुरशीनाशक नको. मुळांवर मण्यांसारख्या गाठी असतील तर सूत्रकृमी, पण हे उपयोगी नव्हेत, मुळांना गाठी आणणारे. तुळशीला हा त्रास बराच होतो. त्यावर घरात खात्रीचा इलाज नाही, शेंड्याच्या फांद्या कापून नव्या मातीत लावा आणि जुनं टाकून द्या.

नर्सरीवाला कागदाच्या पुडीत दाणेदार औषध देतो, 'चिमूटभर टाका, सगळं मरेल' म्हणून. ते घेऊ नका. वर्षानुवर्षं असं दिलं जाणारं फोरेट ३१ डिसेंबर २०२० पासून भारतात बंद आहे, आणि ते माणसालाही तितकंच जहाल आहे. मुंग्यांसाठीची जुनी पांढरी पावडर, म्हणजे लिंडेन, तीही २०१३ पासून वापराला बंद. इमिडाक्लोप्रिड कायदेशीर आहे, मुळांवरच्या ढेकणावर कामही करतं, पण ते झाडाच्या रसात उतरतं. तुळस, कढीपत्ता, पुदिना यांच्या कुंडीत चुकूनही नको.

नवी माती भरताना घरातल्या झाडांसाठी दोन भाग धुतलेलं कोकोपीट, एक भाग परलाइट किंवा विटेचा जाड चुरा, आणि चाळलेलं, मातीसारखा वास येणारं गांडूळखत अर्धा भाग. त्याहून जास्त खत म्हणजे पुन्हा चिलटांना आमंत्रण. खताबद्दल शंका असेल तर वाफवून घ्या. स्वयंपाकातून बाद झालेल्या मोदकपात्रात, ओलसर खत फडक्यात सैल बांधून, मधोमध थर्मामीटर खोचून, ८० अंशांच्या आसपास पोचल्यावर अर्धा तास. कुकरची शिट्टी लावून जास्त तापवलं तर खतातून अमोनिया आणि मँगनीज मोकळं होऊन मुळांनाच बाधतं. खिडक्या उघड्या ठेवा, वास येतो. मोठं प्रमाण असेल तर एप्रिल-मेच्या उन्हात गच्चीवर ओलसर मातीचा पातळ थर पारदर्शक प्लॅस्टिकखाली, कडा दाबून, चार ते सहा आठवडे. काळं प्लॅस्टिक नको, त्याखाली माती कमी तापते.

नवीन रोप आणलं की तीन-चार आठवडे बाकीच्यांपासून दूर, शक्यतो दुसऱ्या खोलीत, पिवळा सापळा लावून. आणलेल्या दिवशीच कुंडीतून उपसून मुळं बघा, दोन मिनिटांचं काम आहे. आणि काढून टाकलेली किडकी माती सोसायटीच्या बागेत किंवा बाल्कनीतल्या मोठ्या कुंडीत ओतू नका. पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर उन्हात ठेवा, मग कचऱ्यात.